आडवी लिफ्ट

३ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टरीणबाईंनी रोज लिहायला सांगितलं आहे. रात्री झोप कशी लागली, दिवसा डोळा कधी लागला, एवढंच. त्यांच्या छापील कागदावर त्याला एक ओळ पुरते. मला एका ओळीत थांबायची सवय नाही, म्हणून ही वही आणली. ही कुणाला दाखवायची नाही.

माझं लिव्हर कडक झालंय. हे ऐकलं की लोक एकच प्रश्न विचारतात आणि विचारताना अंगठा तोंडाकडे नेतात. मी आयुष्यात त्या बाटलीला शिवलो नाही. चरबीनेही होतं म्हणे. म्हणजे बदनामी फुकटची. प्यायलो असतो तर निदान चार गमती सांगायला उरल्या असत्या.

डॉक्टरीणबाईंचं संशोधन चाललंय. लिव्हरने गाळायची घाण गाळली नाही, की ती रक्तातून डोक्यापर्यंत जाते आणि माणूस हळूहळू मंदावतो. कित्येकांचं बाहेरून काही कळत नाही. अशा लोकांच्या मेंदूची चित्रं त्या काढतात. मला म्हणाल्या, "तुमच्यासारखी माणसं आम्हाला हवीच आहेत. बोलण्याचालण्यात अगदी व्यवस्थित." मी समजलो. आजाऱ्यांशी ताडून बघायला एखादा ठणठणीत माणूसही लागणारच.

मी हो म्हटलं ते ठमीमुळे. ठमी म्हणजे माझी लेक. खरं नाव भारदस्त आहे, पण पाळण्यात असल्यापासून ती ठमीच. आमचा धंदा लिफ्ट दुरुस्तीचा. मी गाळा झाडण्यापासून सुरुवात केली आणि आज पाटीवर नाव माझं आहे. दुरुस्ती झाली की लिफ्ट पास कोण करतो? मी. एकट्याने आत उभं राहायचं, डोळे मिटायचे, तळहात भिंतीला लावायचा आणि खालपासून वरपर्यंत ऐकायचं. दोराचं दुखणं वेगळं बोलतं, चाकाचं वेगळं. मी हो म्हटल्याशिवाय त्या लिफ्टमध्ये माणूस चढत नाही.

गेल्या महिन्यापासून ठमीचं टुमणं लागलंय: बाबा, तपासून घे. बाईंनी ठीक म्हटलं तर पूर्वीसारखं सगळं तुझ्याकडे, नाहीतर पास करायचं काम माझ्याकडे दे. मी म्हटलं, चालेल. हरण्याची शक्यता नसली की मी अटी चटकन मान्य करतो.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज चित्र काढलं. खोली तळघरात आहे. खाली नेणारी लिफ्ट दुसऱ्या कंपनीची निघाली. थांबताना उचकी देते. मी कुणाला काही बोललो नाही. पाहुण्याने यजमानाच्या भांड्यांवर बोट ठेवू नये.

बाहेर बाकावर एक मास्तर बसले होते. निवृत्त. गणित शिकवायचे. तेही याच कामासाठी आलेले. चेहरा ओढलेला, बोलताना मध्येच थांबून छताकडे बघायचे. मला फार वाईट वाटलं. मी त्यांना पाणी आणून दिलं, पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, काळजी करू नका, हल्ली औषधं चांगली निघाली आहेत. ते माझ्याकडे बघतच राहिले. माणसाला आधाराची किती गरज असते!

मग मला एका फळीवर झोपवलं, डोकं पिंजऱ्यात अडकवलं, हातात एक बटण दिलं आणि फळी आत सरकली. ही तर लिफ्टच आहे, फक्त आडवी. कॅबिन तेवढंच, दिवा तसाच, श्वासही तसाच आपलाच आपल्याला ऐकू येणारा. यंत्र सुरू झालं. आधी टकटक, मग घरघर, मग लांबून कुणी कौलांवर चालल्यासारखं. त्यामागे एक बारीक चिवचिव, न थांबणारी. मी डोळे मिटले आणि मजले मोजू लागलो. पण आडव्या लिफ्टचे मजले कुठे असतात? एका मजल्यावर दार उघडलं तर आई भिंतीला टेकून सुईत दोरा ओवत होती. पुढच्यावर माझा पहिला गाळा, आणि त्यात गुडघाभर स्वच्छ पाणी, त्यात माझी हत्यारं मासळीसारखी पोहत होती. मला उतरावंसं वाटलं. कुणीतरी कानात म्हणालं, झोपू नका, बटण दाबा.

समोर शब्द येत होते. "लाल" असं हिरव्या रंगात लिहिलेलं. रंग आणि शब्द जुळले नाहीत तर दाबायचं. सोपं आहे. मी पुष्कळदा दाबलं. काही शब्द फार सुंदर होते, ते तसेच जाऊ दिले.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

कागदावरच्या परीक्षाही असतात. पानभर आकडे विखुरलेले, ते एकापासून क्रमाने रेघेने जोडायचे. बाई घड्याळ लावून बसतात. पुन्हा तपासणी आहेच, म्हणून निघताना मी टेबलावरच्या गठ्ठ्यातून एक कोरा कागद उचलला आणि खिशात घातला. चोरी कसली? परीक्षेआधी अभ्यास करतात त्याला चोरी म्हणत नाहीत.

११ फेब्रुवारी, मंगळवार

अभ्यास जोरात. त्या कागदाच्या प्रती काढून आणल्या आहेत. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसतो आणि ही ओट्याजवळ घड्याळ धरून उभी राहते. ही म्हणजे माझी बायको. लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून तिला हाक मारायची वेळ आली की मी फक्त "अगं" म्हणतो आणि सगळं घर समजतं.

संपवून विचारलं, किती? म्हणाली, कालच्यापेक्षा लवकर. परवाही असंच म्हणाली होती. रोज लवकर होतंय. आज मात्र गॅसवरचं दूध उतू जाऊन शेगडीवर पार करपलं होतं. मी म्हटलं, अगं, एवढ्याशा वेळात? तर म्हणाली, हल्लीचं दूधच मेलं असं येतं, आणि पाठ फिरवून शेगडी पुसत बसली. डोळ्यांत धूर गेला असावा.

जेवणात मीठ नाही. औषध मात्र गोड, पाकासारखं घट्ट. ते घेतलं की दिवसभर पळापळ. आमची यंत्रं गच्चीवरच्या खोलीत असतात आणि तिथे संडास कुणी बांधून ठेवलेला नाही. म्हणून कामाच्या दिवशी मी ते मोरीत ओततो. बाटलीतलं औषध उतरलेलं बघून ही खूश असते. दोघांचंही समाधान.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

डोळ्यांच्या दवाखान्याची लिफ्ट पास केली. ठमी बरोबर आली होती. दुपारी तिथल्या बाकावर बसल्या बसल्या माझा डोळा लागला. ऊन जिन्यावरून एकेक पायरी उतरत होतं आणि डोळ्यावर पट्टी बांधलेली माणसं भिंतीला हात लावत त्याच्यामधून चालली होती. सगळे माझ्यासारखेच, हाताने बघणारे. मला वाटलं, हे सगळे लिफ्टचे कारागीर आहेत आणि माझ्याचकडे शिकून गेलेत. कुणीच बोलत नव्हतं. फार शांत वाटलं.

जाग आली तेव्हा ठमी समोर उभी होती. माझ्याकडे नाही, माझ्या हाताकडे बघत होती.

हाताचं सांगायला हवं. लिफ्ट तपासताना दाराच्या कुलपाला एक तार जोडावी लागते. ती जोडली की दार उघडं असलं तरी लिफ्ट हलते. काम झालं की तार काढायची. राहिली तर लिफ्ट उघड्या दाराने निघेल आणि अर्धा आत गेलेला माणूस संपला. म्हणून आमच्याकडे रीत आहे, मीच घालून दिलेली. तार लालभडक आणि लांब ठेवायची, काढली की मनगटाला गुंडाळायची, आणि तार मनगटावर असल्याशिवाय इमारतीबाहेर पाऊल टाकायचं नाही. आमची माणसं लाल मनगटाने घरी जातात.

ठमी म्हणाली, छत्री वर राहिली, आलेच. बाहेर आकाश कोरडं ठणठणीत. मी म्हटलं, अगं, छत्री कुठली? पण ती जिन्याने दोन-दोन पायऱ्या चढत गेलीसुद्धा. लिफ्ट असताना जिना! खाली आली ती घामाघूम, छत्रीशिवाय. पर्समधून लाल तार डोकावत होती. बरं वाटलं. पोरगी स्वतःची तार बरोबर बाळगायला लागली.

घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. भूक लागली असेल.

शनिवार. किंवा रविवार

मी सकाळी शनिवार म्हटलं. ही म्हणते रविवार. कॅलेंडर तिच्या बाजूने बोलतं. मधला एक दिवस कुठे गेला? तो मिळाला तर मला आवडेल. मऊसा होता, एवढं आठवतं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

लिफ्टच्या बोगद्यातून आवाज सरळ वर येतो. कुठल्या मजल्यावर कुणाचं कुणाशी वाजलं, कुठल्या घरात सासूबाई मुक्काम हलवायला तयार नाहीत, सगळं गच्चीवर ऐकू येतं. या धंद्यात बातम्या फुकट मिळतात. आज मी वर यंत्राशी होतो आणि खाली ठमी आमच्या फोरमनशी बोलत होती. फोरमनला सगळे बुटकोबा म्हणतात. माझ्याबरोबर पहिल्या दिवसापासून आहे.

ठमी म्हणत होती, बाबांनी पास केलेल्या सगळ्या लिफ्ट पुन्हा बघायच्या, एकही सोडायची नाही, आणि त्यांना कळता कामा नये. बुटकोबा म्हणाला, मालकांना संशय येईल. ती म्हणाली, त्यांना हल्ली येत नाही.

मी वर एकटाच हसलो. किती छान! माझ्यामागून माझं काम बघत बघत शिकतेय, आणि लाजतेय. मीही असाच शिकलो होतो, उस्तादाची पाठ फिरली की त्याने बसवलेले बोल्ट सोडवून पुन्हा बसवायचो. कळलंय असं तिला दाखवणार नाही.

दुपारी गाडीत झोप. संध्याकाळी जेवताना झोप. रात्री मात्र टक्क जागा. दिवस आणि रात्रीची कुणीतरी अदलाबदल केली आहे. खरं सांगायचं तर ही दिवसाची झोप वाईट नाही. तिच्यात काही दुखत नाही. सगळं जरा पाण्याखालून दिसतं आणि लोक उगाच प्रेमळ वाटतात.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

पुन्हा तपासणी. बाई म्हणाल्या, दोन्ही हात पुढे करा, पंजे उभे धरा, गाडी थांबवतात तसे. मी थांबवली. पंजे आपले आपणच खाली पडायचे आणि पुन्हा उभे राहायचे. पडायचे, उभे राहायचे. जणू मी उडायच्या बेतात होतो. मी म्हटलं, बाई, खिडकी लावून घ्या. त्या हसल्या, पण लिहूनही घेतलं.

मग आकड्यांचा कागद. मी पेन्सिल सरसावली आणि बघतो तर आकडे भलतीकडेच. बाई म्हणाल्या, आज वेगळा कागद आहे. आकड्यांच्या जागा दर वेळी बदलतो, नाहीतर पाठ होतात. काही हरकत नाही, आकडे ते आकडेच. एक, दोन, तीन करत तेरापर्यंत आलो. तेरावर दार उघडलं. बाहेर लांबलचक पांढरी गॅलरी आणि चौदा कुठेच नाही. मी उभा राहिलो. वर जायचं की खाली? गॅलरीच्या टोकाला कुणीतरी पायपुसणं झटकत होतं, त्याची धूळ उन्हात तरंगत होती. मी त्याला विचारणार तेवढ्यात बाईंनी कागद हळूच माझ्या हाताखालून काढून घेतला. म्हणाल्या, पुरे. मी म्हटलं, अजून सुरुवातच आहे की. त्या म्हणाल्या, हो.

बाहेर मास्तर होते. मी विचारलं, औषध लागू पडतंय का? ते थोडे घुटमळले. म्हणाले, त्यांना काही झालेलं नाही. त्यांचा धाकटा भाऊ लिव्हरने गेला. शेवटी शेवटी तो घराचा रस्ता चुकायचा आणि वर घरच्यांनाच हसायचा. त्याच्यासाठी काही करता आलं नाही, म्हणून ते इथे आले आहेत. ताडून बघायला एक निरोगी माणूस लागतो ना, तो त्यांनी व्हायचं ठरवलं.

मी म्हटलं, अहो, तो तर मी आहे.

मास्तर उठले, मला पाणी आणून दिलं आणि पाठीवर हात ठेवला.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

चित्रं बघायला तिघं गेलो, मी, ही आणि ठमी. काचेवर दोन मेंदू शेजारी शेजारी. अक्रोडासारखे. एकात आतमध्ये, अगदी मधोमध, दोन्ही बाजूंना दोन उजळ ठिपके, संध्याकाळी घरात दिवे लागावेत तसे. दुसरा तिथे सगळा काळा.

मी म्हटलं, हे दिवे लागलेत ते माझं.

बाई म्हणाल्या, "हो, ते तुमचं. पण तिथे दिवे नको होते. तिथे अंधारच हवा."

मग सावकाश समजावलं. लिव्हर चुकवून रक्त आडवाटेने पुढे जातं, आणि जे वाटेत अडायला हवं होतं ते डोक्यात जाऊन साचतं. ते ठिपके त्याची खूण. त्यावरून माणूस किती मंदावला हे मात्र कळत नाही. ते कळायला दुसरं चित्र, रंगीत, मी बटण दाबत असतानाचं. शब्द आणि रंग जुळत नाहीत तेव्हा चूक पकडायला निरोग्याच्या मेंदूचा जो भाग पेटून उठतो, तो माझा जेमतेम कोमट होता. "लक्षात घ्या," त्या म्हणाल्या, "चूक होते तेव्हा आत जी घंटा वाजते ना, तीच तुमची हळू झाली आहे. म्हणून तुम्हाला चूक झाल्यासारखं वाटत नाही."

ठमी खिडकीबाहेर बघत होती. मी विचारलं, म्हणजे मी वेडा होणार? तर नाही. हे परत फिरू शकतं, बरंचसं. औषधाने. ते गोड औषध तुम्ही नियमाने घेताय ना? मी हिच्याकडे बघितलं. ही ठासून म्हणाली, अगदी नियमाने, बाटली मी स्वतः बघते.

मी गप्प बसलो. घंटा हळू झाली असेल, पण एवढी तर वाजली.

१ मार्च, शनिवार

ठमीशी भांडलो. मी म्हटलं, चित्रात ठिपके आहेत, मान्य. पण ठिपके लिफ्ट पास करत नाहीत, कान करतात, आणि कानाला काही झालेलं नाही. तुला एक तरी चूक दाखवता येईल का माझी? एक. मग मी आजच्या आज सोडतो.

ती बराच वेळ टेबलावरचा कपडा सारखा करत बसली. तिची आई म्हणाली, ठमे, राहू दे. पण तिने मान वर केली.

"डोळ्यांच्या दवाखान्यात तार राहिली होती, बाबा."

मी म्हटलं, कुणाची?

"तुझी. दाराच्या कुलपावर तशीच. तुझं मनगट रिकामं होतं आणि तू बाकावर हसत झोपला होतास. मी वर पोचले तेव्हा एक बाई दोन्ही डोळ्यांना पट्टी बांधून दारात उभी होती. एक पाय आत. लिफ्ट हलली होती. मी तिला दंडाला धरून मागे ओढलं, तर ती मलाच रागावली, धक्का कशाला देतेस म्हणून."

मी तो दिवस शोधला. ऊन आठवलं. पायऱ्या आठवल्या. तार जोडल्याचं आठवलं, मनगटाला गुंडाळल्याचंही आठवलं, अगदी स्पष्ट, तीन वेढे. जे घडलंच नाही ते मला इतकं स्वच्छ आठवत होतं.

मी म्हटलं, तेव्हाच का नाही बोललीस?

ती म्हणाली, "बोलले असते तर तू मला पटवून दिलं असतंस, बाबा. आणि मला पटलं असतं."

नंतर कुणी भांडलं नाही. उठताना मी हिला विचारलं, अगं, आकड्यांच्या वेळी तू घड्याळ खरंच बघत होतीस का? म्हणाली, बघत होते की. मी विचारलं, मग? तर म्हणाली, "तुमच्या तोंडाकडे बघत होते." आणि ताटं उचलून आत गेली.

२ मार्च, रविवार

हिला मोरीचं सांगितलं. ती उठली. बाटली आणली, चमचा आणला आणि मी गिळेपर्यंत समोर उभी राहिली. मग म्हणाली, "आता जीभ बाहेर काढा." लहान पोरासारखी काढली.

९ मार्च, रविवार

दिवसभर संडासात. इथे धंद्याचा विचार मात्र चांगला होतो.

२१ मार्च, शुक्रवार

गोड औषधाबरोबर एक गोळीही चालू आहे. दुपारी झोप आली नाही. खुर्चीत तयार होऊन बसलो होतो, चादर घेऊन, पाहुण्याची वाट बघावी तसा. आलीच नाही. ऊन भिंतीवरून सरकलं ते नुसतं ऊन होतं. शेजारी भांडी आपटत होती, ती भांडीच होती. माणसं पूर्वीइतकी प्रेमळ राहिलेली नाहीत. टपालवाला चक्क खेकसला.

चांगलं झालं, हे कळतं. तरी चादर हातात तशीच राहिली. पाण्याने भरलेला माझा गाळा आता पुन्हा दिसायचा नाही बहुतेक. आईलाही सुईत दोरा ओवायला दुसरीकडे कुठेतरी बसावं लागेल.

अक्षर बरं येतंय. मागच्या पानांवरचं माझं मलाच लागत नाही, ते परत बघणार नाही.

४ एप्रिल, शुक्रवार

दुसऱ्यांदा आडव्या लिफ्टमध्ये. या वेळी मजले आले नाहीत. टकटक, घरघर, आणि हिरवा "लाल". मी दाबलं. निळा "पिवळा". दाबलं. कंटाळवाणं काम आहे. आतल्या आत कुठेतरी काहीतरी टोचायचं आणि बोट दाबायचं. हीच घंटा असेल तर आवाज फार काही गोड नाही तिचा.

बाई खूश दिसल्या. रंगीत चित्रात तो भाग पुन्हा ऊब धरतोय. ठिपके मात्र आहेत तिथेच आहेत, ते राहतील. मी सरळ विचारलं, मग मी लिफ्ट पास करू का? ठमी बरोबर होती म्हणून मुद्दाम तिच्यासमोर विचारलं.

बाई म्हणाल्या, "लिफ्टमधलं मला काही कळत नाही. पण तुम्ही पास केलेल्या लिफ्टमध्ये मी माझ्या आईला बसवीन का, असं विचाराल तर अजून नाही. एखाद दिवशी पोट साफ झालं नाही, ताप आला, तर हे सगळं परत फिरेल. आणि ते फिरलंय हे तुम्हाला सगळ्यात शेवटी कळेल."

इतकं सरळ माझ्याशी बऱ्याच दिवसांत कुणी बोललं नव्हतं. मी त्यांच्या खाली जाणाऱ्या लिफ्टच्या उचकीबद्दल सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, कसली उचकी? ठमी म्हणाली, आहे, बाबा, मलाही ऐकू आली. घरी येईपर्यंत मी तेवढंच एक वाक्य चघळत होतो.

१६ एप्रिल, बुधवार

कापडबाजाराच्या मागच्या उंच इमारतीत नवीन दोर घातले. मोठं काम. सगळी माणसं तळमजल्यावर जमली होती. इमारतीचे व्यवस्थापक, बाजारहाट करून आलेल्या बायका, एक काका काठी टेकून, सगळे लिफ्ट सुरू व्हायची वाट बघत. बुटकोबाने दार उघडलं आणि सवयीने माझ्यासाठी बाजूला झाला.

मी ठमीला म्हटलं, जा.

ती आत गेली. डोळे मिटलेले दिसले, तळहात भिंतीला. दार लागलं. मी बाहेर उभा राहून दाराच्या पत्र्याला कान लावला. लोकांना काय वाटायचं ते वाटो. लिफ्ट निघाली. दोर सुतासारखा सरळ, चाक मऊ, तोलाचं वजन खाली येताना नुसती झुळूक. वर थांबली, सुटली, खाली येत राहिली. एवढी सुरेख लिफ्ट मी बऱ्याच वर्षांत ऐकली नव्हती. मी बुटकोबाकडे बघून मान डोलावणार होतो.

दार उघडलं. ठमीचा चेहरा पडला होता.

म्हणाली, नाही. आज नाही. दोर पुन्हा ओढून बघायचे.

बायकांनी पिशव्या खाली ठेवल्या. व्यवस्थापक तिच्याकडे न बघता माझ्याकडे वळले. म्हणाले, अहो, तुम्ही सांगा ना, पाटीवर तुमचं नाव आहे, इतकी वर्षं तुमच्या शब्दावर चढतोय आम्ही. बुटकोबाही माझ्याकडेच बघत होता. ठमी बघत नव्हती. बोटांची नखं तळहातात रुतवून जमिनीकडे बघत उभी होती. लहानपणी इंजेक्शन घेताना उभी राहायची तशी.

मी म्हटलं, "तिने नाही म्हटलंय ना? मग नाही."

मग त्या काकांच्या कोपराला धरलं आणि आम्ही दोघे जिन्याला लागलो. प्रत्येक वळणावर थांबलो. ते दमले म्हणून थांबायचे आणि मी त्यांच्यामुळे थांबतोय असं दाखवायचो. ते वाटभर आमच्या कंपनीला शिव्या देत होते. मी बरोबर बोलताय म्हणत होतो. खालून ठमीचा आवाज वर येत होता, बुटकोबाला भराभर सांगणारा: हे सोड, ते मोज, वरचं चाक आधी.

मला ती लिफ्ट निर्दोष वाटली होती. अजूनही वाटते. तिने काय ऐकलं हे मी विचारलं नाही, विचारणारही नाही. विचारलं तर मी तिला पटवून देईन.

हे फक्त इथे लिहितो.